खर्जाचा कान

गाण्याच्या बैठकीत एक सूर असा असतो की तो चालू असताना त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही; पण तो थांबला की काहीतरी हरवल्यासारखे सर्वांनाच वाटते. त्याला आपण खर्ज म्हणतो. तंबोऱ्याची चौथी तार हे त्याचे आपल्याकडील परिचित घर. आधुनिक वाद्यवृंदात हे काम बास गिटारकडे आले आहे. आमच्या रायपुरात गणेशोत्सव, नवरात्र आणि लग्नसराई अशा तिन्ही प्रसंगी मंडपामागच्या कोपऱ्यात उभा राहून चार जाड तारा छेडणारा एखादा तरुण दिसतो. तो बहुधा महाविद्यालयात शिकत असतो किंवा एखाद्या दुकानात नोकरीला असतो, आणि त्याच्या गळ्यातील वाद्य बेताच्या किमतीचे असते.

वर्ष-सहा महिने वाजवल्यावर त्याच्या लक्षात येते की आपल्या वाद्याचा आवाज गढूळ आहे. सुरांच्या कडा नीट उमटत नाहीत. विजेची गुणगुण मात्र स्पष्ट ऐकू येते. मग कोणी जाणता मित्र सांगतो, 'पिकअप बदल, वाद्य नवे होईल.' दुसरा सांगतो, 'हे वाद्यच विकून टाक.' घरात वडील मंडळी विचारतात, गेल्या वर्षी घेतलेल्या वस्तूवर पुन्हा पैसे का घालावयाचे? हा खर्च करावा काय, आणि करावयाचा तर पिकअप कोणत्या कसोटीवर निवडावा, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

पिकअप म्हणजे काय, हे आधी पाहू. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. ही तार किती बारीक? सर्वसाधारणपणे एका मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्श्याएवढी. वरच्या पोलादी तारेला चुंबकामुळे थोडेसे चुंबकत्व येते. ती कंप पावू लागली म्हणजे वेढ्यांतील चुंबकीय क्षेत्र कमी-अधिक होते आणि त्या वेढ्यांत अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९३१ साली, अमेरिकेत जॉर्ज बीचम यांनी मांडीवर आडव्या ठेवून वाजवावयाच्या हवाईयन गिटारसाठी या तत्त्वावरील पिकअप प्रत्यक्ष चालवून दाखवला. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी तोच उपाय खर्जाच्या वाद्याला लावला. तोपर्यंत वाद्यवृंदातील खर्ज पुरुषभर उंचीच्या डबल बासवर निघत असे. फेंडर यांच्या वाद्याला पडदे होते, त्यामुळे सूर नेमका लागे. म्हणून त्याचे नाव 'प्रिसिजन बास'. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे वाद्य चांगलेच रुजले. राहुल देव बर्मन यांच्या वादकवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेला खर्ज आपण सर्वांनी, वादकाचे नाव ठाऊक नसतानाही, ऐकलेला आहे.

या वर्णनातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही. तो लोखंडी तारेची हालचाल ओळखतो. तंबोऱ्याच्या पितळी खर्जापुढे हा पिकअप नेऊन धरला, तर तो अगदी बहिरा ठरेल. तंबोऱ्याची जवारी आणि पिकअप यांत यामुळेच महत्त्वाचा फरक आहे. जवारी काढणारा मिरजेचा कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून तारेचे कंपनच बदलतो. तो सूर घडवतो. पिकअप सूर घडवीत नाही. झालेल्या कंपनातले काय घ्यावयाचे आणि काय सोडावयाचे, एवढेच तो ठरवतो. तो वाद्याचा गळा नाही, कान आहे. गळा बसला असेल तर कान बदलून काय होणार? म्हणून पिकअप विकत घेण्यापूर्वी दोष खरोखर कानातच आहे की नाही, याची खात्री करून घेणे हे पहिले काम होय.

माझे आयुष्य सरकारी कचेरीत गेले आहे. तेथे एखादे प्रकरण अडले म्हणजे अनुभवी माणूस प्रथम विचारतो, कागद नेमका कोणत्या टेबलावर थांबला आहे? वाद्याच्या बाबतीतही असेच क्रमाने विचारावे. तारा किती जुन्या आहेत? रायपूरच्या उन्हाळ्यातला घाम आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनी गुंडाळी असलेल्या तारांच्या खाचांत मळ बसतो आणि तारेचा वरचा तेजस्वी आवाज मरतो. तारा बदलल्यावर निम्मी तक्रार संपली, असे अनेकदा घडते. त्यानंतर पिकअपची उंची पाहावी. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली असता पिकअप जाड तारेपासून सुमारे तीन आणि बारीक तारेपासून सुमारे दोन मिलिमीटर खाली असावा. याहून फार दूर असेल तर आवाज दुबळा येतो; फार जवळ असेल तर चुंबक तारेलाच ओढू लागतो आणि सूर डळमळतो. दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे फिरवून हे अंतर साधता येते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. तिसरी तपासणी आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणांची. ती फिरवताना खरखर होत असेल तर दोष बटणात आहे. चौथी तपासणी वायरीची आणि ती खोचावयाच्या जागेची. तेथील डाख सुटलेला असेल, तर रेडिओ दुरुस्त करणारा कोणताही कारागीर तो पाच मिनिटांत पुन्हा देऊ शकतो.

आता त्या विजेच्या गुणगुणीकडे वळू. आपल्या देशात घरोघरी येणारी वीज दर सेकंदाला ५० आवर्तनांची असते. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सुमारे ४१ आणि तिच्या शेजारच्या तारेची ५५. म्हणजे विजेची गुणगुण या दोन तारांच्या बरोबर मध्ये येऊन बसते. इतकेच नव्हे, जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी जो सूर निघतो तो ४९ कंपनांचा. तो सूर लावून ठेवला आणि पिकअपमधून ५० आवर्तनांची गुणगुण येत असली, तर दोहोंच्या मिश्रणाने साधारणतः सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. सतारीवर किंवा व्हायोलिनवर ही गुणगुण सुराच्या खाली वेगळी पडलेली असते. खर्जाच्या वाद्यात ती सुरातच मिसळते. खर्जवादकाने गुणगुणीचा विचार इतरांहून अधिक का करावा, याचे कारण हे आहे.

गुणगुण कोठून येते हे ओळखण्याच्या तीन साध्या परीक्षा आहेत. वायर ध्वनिवर्धकातून काढून टाकली तरी तो गुणगुणतच असेल, तर दोष वाद्याबाहेरचा. तारांना हात लावताच गुणगुण कमी होत असेल, तर वाद्याच्या पोटातील पोकळीला धातूच्या अस्तराची गरज आहे. तांब्याची चिकटपट्टी आतून नीट लावून ती घोडीकडून येणाऱ्या तारेशी जोडली म्हणजे पुष्कळ फरक पडतो. आणि वाद्य हातात धरून जागच्या जागी वळले असता एका दिशेला गुणगुण वाढते व दुसऱ्या दिशेला मावळते असे दिसले, तर जवळपासच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र थेट पिकअपच्या वेढ्यांत शिरत आहे. यावर अस्तराचा उपाय चालत नाही. येथे पिकअप बदलण्याला खरे कारण मिळते.

मंडपात काम करणाऱ्यांसाठी याच ठिकाणी एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. तारांना आणि ध्वनिक्षेपकाला एकाच वेळी स्पर्श होताच बोटांना झिणझिण्या येत असतील, तर वादन तत्काळ थांबवावे. तेथे अर्थिंगमध्ये दोष आहे, आणि कोणताही पिकअप त्यावर उपाय नाही. गुणगुण कमी व्हावी म्हणून प्लगचा अर्थिंगचा दांडा काढून टाकणारे महाभाग असतात. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा तरुण गिटारवादक अर्थिंग नसलेल्या ध्वनिक्षेपकाला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. तात्पुरत्या तारा ओढून उभारलेल्या, पावसाने ओल्या झालेल्या आपल्या भाद्रपदातील मंडपांत हे उदाहरण कोणी विसरू नये. गुणगुण सोसवते, विजेचा धक्का सोसवत नाही.

एवढे सर्व पाहूनही दोष कानातच आहे असे ठरले, तर मग निवडीचा प्रश्न येतो. येथे पहिली कसोटी पिकअपच्या नावाची नाही, त्याच्या जागेची आहे. तार सबंध हलते, तशीच ती अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या हिश्श्यांतही हलते. त्यातून मूळ सुराबरोबर उपस्वर निघतात. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो अशाच पाचव्या हिश्श्याच्या कंपनाचा. घोडीजवळ तारेचा झोका लहान असतो, त्यामुळे तेथल्या पिकअपला मूळ सूर कमी आणि उपस्वर अधिक मिळतात. आवाज कणखर, काहीसा नाकातला येतो. दांडीच्या बाजूला सरकावे तसा मूळ सूर भरत जातो आणि आवाज गोल होतो. वाद्याच्या धडात पिकअपसाठी कोरलेली जागा ठरलेली असते. त्या जागेचा गुण किंवा अवगुण सर्वांत महागडा पिकअपही पालटू शकत नाही.

दुसरी कसोटी रचनेची. स्वस्त वाद्ये बहुधा दोन जुन्या नमुन्यांवर बेतलेली असतात. पहिला नमुना 'प्रिसिजन'चा. त्यात १९५७ सालापासून पिकअपचे दोन तुकडे केलेले आहेत. एक जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली. दोन्ही तुकड्यांतील वेढे परस्परविरुद्ध आणि चुंबकही परस्परविरुद्ध असतात. बाहेरून आलेली गुणगुण एका तुकड्यात सुलटी व दुसऱ्यात उलटी होते, आणि दोन्ही मिळून नाहीशी होते. तारेचा सूर मात्र वेढ्यांमुळे एकदा व चुंबकामुळे पुन्हा एकदा, असा दोनदा उलटून सुलटाच राहतो. दुसरा नमुना १९६० साली आलेल्या 'जॅझ बास'चा. त्यात दोन अरुंद पिकअप असतात, एक घोडीजवळ व एक त्याच्या पुढे. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले तर गुणगुण अशीच मिटते; एकच ठेवला की ती परत येते. तेव्हा ज्याला दिव्यांच्या माळांमध्ये उभे राहून वाजवावयाचे आहे आणि ज्याचे वाद्य या दुसऱ्या जातीचे आहे, त्याने त्याच आकाराच्या आवरणात दोन वेटोळी बसवलेला, गुणगुण स्वतःच मिटवणारा पिकअप शोधावा. 'प्रिसिजन'च्या घराण्यातील वाद्याला हा गुण जन्मतःच असतो. त्याच्या मालकाने त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

तिसरी कसोटी द्रव्याची. जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट लोखंडात मिसळून केलेल्या, 'अल्निको' नावाच्या मिश्रधातूच्या चुंबकसळ्या असतात. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा साध्या पोलादी सळ्या असून त्यांच्या तळाशी सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. यावरून सिरॅमिक म्हणजे हलके असा समज पसरला आहे. तो बरोबर नाही. उत्तम कारागिरांनी केलेले सिरॅमिकचे पिकअप आहेत, आणि निष्काळजीपणे वेढे घातलेले अल्निकोचेही आहेत. विक्रेते आणखी एक आकडा पुढे करतात, तो विद्युत्रोधाचा. 'प्रिसिजन'च्या पिकअपचा रोध सर्वसाधारणपणे दहा-अकरा हजार ओहम आणि 'जॅझ'च्या पिकअपचा सात-आठ हजार ओहम असतो. आकडा मोठा म्हणजे पिकअप जोरदार, असे सरसकट मानू नये. अधिक बारीक तार वापरली तरी रोध वाढतो आणि जोर तेवढाच राहू शकतो. वेढे खरोखरच वाढवले तर जोर वाढतो हे खरे. पण त्याबरोबर वरचे उपस्वर दबतात आणि आवाज अंधारतो. ज्याची मूळ तक्रारच गढूळपणाची आहे त्याने अधिक वेढ्यांचा पिकअप घेणे म्हणजे गढूळ पाण्यात आणखी पाणी ओतण्यासारखे आहे.

आणि गढूळपणा घालवणे हाच माझ्या मते या सर्व खटपटीचा खरा हेतू असावा. याचे कारण ऐकणाऱ्याच्या कानात आहे. मंडपातील साध्या ध्वनिवर्धक पेट्या ४१ कंपनांचा मूळ सूर बहुधा देतच नाहीत. तरीही आपल्याला खर्ज ऐकू येतो. दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर ऐकून आपला मेंदू गाळलेला मूळ सूर स्वतः भरून काढतो. हे उपस्वर स्वच्छ पोहोचले तरच खर्ज पोहोचतो. घरच्या खोलीत एकट्याने वाजवताना जो जड, घुमणारा आवाज सुखद वाटतो, तो ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या कल्लोळात नाहीसा होतो. आणि खोलीत थोडा कोरडा वाटणारा स्पष्ट आवाज तेथे शेवटच्या रांगेपर्यंत जातो. निवड करताना वाद्य कोठे वाजावयाचे आहे ते डोळ्यांपुढे असावे.

आता विकत घेण्यापूर्वीच्या मोजमापाविषयी. 'जॅझ'च्या मूळ नमुन्यात घोडीजवळचा पिकअप पुढच्यापेक्षा दोन-अडीच मिलिमीटरने लांब असतो. पुष्कळ स्वस्त वाद्यांत मात्र दोन्ही सारख्याच लांबीचे बसवलेले आढळतात. जुना पिकअप बाहेर काढून त्याची लांबी, रुंदी, स्क्रूंच्या छिद्रांमधील अंतर, खोबणीची खोली आणि पहिल्या व शेवटच्या तारेमधील अंतर कागदावर लिहून घ्यावे, आणि तो कागद हातात घेऊनच मागणी नोंदवावी. पिकअप बसत नाही म्हणून लाकूड कोरण्याचा मोह टाळावा. कोरलेले लाकूड परत येत नाही. दोन पिकअपांचे वाद्य असेल तर दोन्ही जोडीने घ्यावेत. एकच बदलला आणि त्याची दिशा जुन्याशी जुळली नाही, तर दोन्ही एकत्र वाजवताना आवाज पोकळ व पातळ होतो. नव्याच्या दोन तारा अदलाबदल करून जोडल्या तर हा दोष बहुधा जातो. पण गुणगुण मिटेलच असे नाही, कारण त्यासाठी वेढे आणि चुंबक दोन्ही विरुद्ध असावे लागतात.

काही पिकअप नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. त्यांची गुणगुण अल्प असते. परंतु त्यांना अनेकदा पंचवीस हजार ओहमची बटणे लागतात, तर साध्या पिकअपांना अडीच लाख ओहमची. म्हणजे आतले सर्व साहित्य बदलणे आले, बॅटरीला जागा करणे आले, आणि ऐन आरतीच्या वेळी ती संपण्याची काळजीही आली. बेताच्या वाद्याला साधा पिकअपच शोभतो.

बसवण्याचे काम अवघड नाही. जोडणी सोडण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. डाख देताना खिडकी उघडी ठेवावी, आणि डाखात शिसे असल्यामुळे काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत. जुना पिकअप टाकून देऊ नये. स्क्रूंसह पाकिटात घालून, वर नाव लिहून ठेवावा. नव्या-जुन्याची तुलना करताना तारा त्याच, वाजवणारा तोच आणि बोल तोच असावा, आणि दोन्ही मुद्रणे सारख्याच मोठ्या आवाजात ऐकावीत. कारण जे थोडे मोठ्याने वाजते ते कानाला नेहमीच चांगले वाटते. ऐकण्याचे काम वादकाने स्वतः करण्यापेक्षा, कोणते मुद्रण कोणते हे ठाऊक नसलेल्या गायकाकडे किंवा ढोलकीवाल्याकडे सोपवावे. खर्ज त्यांच्यासाठीच असतो.

शेवटी खर्चाचा प्रश्न उरतो. माझे मत असे की दांडी सरळ असेल, पडदे झिजलेले नसतील आणि खुंट्या सूर धरून ठेवीत असतील, तर स्वस्त वाद्यालाही चांगला पिकअप लावावा. पण त्याची किंमत वाद्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जाऊ देऊ नये. दांडीच वाकलेली असेल तर ते पैसे साठवून दुसरे वाद्य घ्यावे. आणि नुसत्या तारा बदलून, उंची साधून, एक डाख देऊन काम भागले, तर वाचलेल्या पैशांत तीन मार्ग तपासणारा एक चांगला अर्थिंग-दर्शक घेऊन तो मंडळाच्या पेटीत ठेवावा. पुढच्या भाद्रपदात त्याचा उपयोग त्या एका वादकालाच नव्हे, मंडपात उभ्या असलेल्या प्रत्येकाला होईल.